मायनिंगला बिनतक्रार चाललेलं कार्ड फोल्डिंगला सारखं का कोसळतं?

ग्राफिक्स कार्डावर आधी मायनिंग, म्हणजे इथेरियमसारखं आभासी चलन मिळवण्यासाठीची गणितं, करणारे लोक आता तेच कार्ड फोल्डिंग ॲट होमला लावतात. घरोघरच्या मशीनवर प्रथिनांच्या संशोधनाचं गणित करून घेणारा हा प्रकल्प. या लोकांच्या तक्रारीचा मजकूर थोड्याफार फरकानं ठरलेला असतो. "कार्ड दोन वर्षं रात्रंदिवस इथेरियम काढत होतं, कधी हूं की चूं केलं नाही. आता रिकामं पडलंय म्हणून फोल्डिंग ॲट होम लावलं, तर टास्क वीस-तीस टक्क्यांवर जाऊन मरतं. नवीन येतं, तेही मरतं. सॉफ्टवेअरच भिकार आहे का?"

सॉफ्टवेअर भिकार नाही. कार्डही बहुतेक वेळा धडधाकट असतं. दोष असतो तो मायनिंगसाठी कार्डावर चढवलेल्या क्लॉक (वेग) आणि व्होल्टेजच्या सेटिंगचा. ती काढून टाकली असं वाटत असतं, पण ती कुठेतरी शिल्लक राहिलेली असते.

कशालाही हात लावण्याआधी लॉग, म्हणजे फोल्डिंगच्या सॉफ्टवेअरची नोंदवही, उघडा. त्यात दिसतं ते असं: "बॅड स्टेट डिटेक्टेड", शेवटच्या चांगल्या चेकपॉइंटपासून (जिथपर्यंतचं काम साठवलंय तिथून) पुन्हा सुरू करतोय, आणि त्याच्यापुढे "इज युअर सिस्टिम ओव्हरक्लॉक्ड?", म्हणजे मशीन ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवताय का, असा थेट सवाल. हे काही वेळा होतं आणि मग "बॅड वर्क युनिट", कोड ११४, असं म्हणून टास्क सोडून दिलं जातं. काही वेळा "पार्टिकल कोऑर्डिनेट इज नॅन" असंही दिसतं. बॉइंकवर, म्हणजे घरची मशीनं अनेक विज्ञान-प्रकल्पांना जोडणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, हाच आजार "कॉम्प्युटेशन एरर" म्हणून दिसतो. टास्क पूर्ण होऊनही नंतर "इनव्हॅलिड" ठरलं, तरी मूळ तेच.

पुढची पायरी लोक हमखास चुकवतात. लॉगमध्ये प्रत्येक वर्क युनिटचे, म्हणजे टास्कचे, चार आकडे असतात: प्रोजेक्ट, रन, क्लोन आणि जेन. फोल्डिंगच्या संकेतस्थळावर हे आकडे टाकून त्या युनिटचं आधी आणि नंतर काय झालं ते बघता येतं. तुमच्याकडे फेल झालेलं युनिट दुसऱ्या कुणाकडे सुरळीत पूर्ण झालं असेल, तर दोष तुमच्या घरात आहे. चार-पाच जणांकडे ते ओळीनं फेल झालं असेल, तर युनिटच वाकडं होतं आणि तुम्ही काहीही करायची गरज नाही. असं युनिट अधूनमधून येतंच. एका फेल टास्कवर ड्रायव्हर उडवून विंडोज नव्यानं टाकणारे लोक मी बघितले आहेत, म्हणून हे आधी सांगितलं.

मायनिंगला चालतं ते इथे का चालत नाही

मायनिंग म्हणजे लॉटरीची तिकिटं खरवडणं. एएमडीचं आठ जीबी मेमरीचं आरएक्स ५८० कार्ड नीट ट्यून केलं, तर इथेरियमच्या इथॅश या गणितावर साधारण ३० मेगाहॅश द्यायचं, म्हणजे सेकंदाला तीन कोटी तिकिटं. त्यातली जवळपास सगळी कचऱ्यात जाणारच असतात. मेमरीनं एखादा बिट चुकवला आणि त्यातली दहा तिकिटं चुकीची खरवडली गेली, तर कुणालाही पत्ता लागत नाही. नेमकं लागलेलं तिकीट चुकलं तर पूल, म्हणजे मायनर मंडळींचा एकत्रित गट, तो शेअर (ते तिकीट) नाकारतो आणि स्क्रीनवर "इनव्हॅलिड"चा आकडा एकानं वाढतो. शंभरात एखादा शेअर गेला तरी माणूस खूश असायचा, कारण मेमरीचा क्लॉक वाढवून मिळणारा फायदा त्याहून मोठा होता.

फोल्डिंगमध्ये प्रथिनाच्या अणूंची हालचाल मोजली जाते. एकेक पाऊल काही फेम्टोसेकंदांचं. आधीच्या पावलाचं उत्तर हेच पुढच्या पावलाचं गणित. एका अणूची जागा चुकली की तो शेजारच्या अणूवर चढतो, दोघांमधलं बल भलतंच मोठं निघतं, आणि काही पावलांत अख्खं प्रथिन उधळतं. "नॅन" (नॉट अ नंबर, उत्तर आकडाच उरलं नाही) म्हणजे तेच. शिवाय सॉफ्टवेअर ठरावीक अंतरानं थांबून कार्डानं काढलेली ऊर्जा आणि बलं वेगळ्या हिशेबाशी ताडून बघतं. फरक मर्यादेबाहेर गेला की "बॅड स्टेट". मायनिंगमध्ये पोटात गेलेली चूक इथे चव्हाट्यावर येते.

ताण कुठे पडतो हाही मुद्दा आहे. इथॅशचा सगळा भार मेमरीवर असायचा, म्हणून मायनर मेमरीचा क्लॉक वर चढवायचे आणि कोअरचा (गणित करणाऱ्या मुख्य चिपचा) क्लॉक व व्होल्टेज खाली आणायचे. फोल्डिंगला कोअरची पूर्ण ताकद लागते. मायनिंगमध्ये अर्धवट झोपेत असलेल्या कोअरला जे व्होल्टेज पुरत होतं, ते इथे पुरत नाही. एकाच कार्डावर मेमरी जास्त ताणलेली आणि कोअर उपाशी, असा हा दुहेरी घोटाळा असतो.

सेटिंग खरोखर काढली का?

"मी सगळं स्टॉक केलंय", म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणलंय, या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. आफ्टरबर्नर या क्लॉक-व्होल्टेज बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टार्टअपला प्रोफाइल लावायचं बटण दाबलेलं राहिलं असेल, तर प्रत्येक रीस्टार्टनंतर जुने आकडे परत येतात. एएमडीच्या स्वतःच्या ॲड्रेनलिनमध्ये ट्यूनिंगचं पान वेगळं असतं. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे असतील तर कुणाचं चालतंय हे स्क्रीनकडे बघून कळत नाही. त्यामुळे आफ्टरबर्नर अनइन्स्टॉल करा आणि सेटिंग ठेवायची का असं त्यानं विचारलं तर "नाही" म्हणा. मग डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर सेफ मोडमध्ये चालवून ड्रायव्हर समूळ काढा आणि कंपनीच्या साइटवरून नवा टाका. विंडोज अपडेटनं आपोआप टाकलेल्या ड्रायव्हरवर विसंबू नका. त्यात ओपनसीएलचा, म्हणजे कार्डाकडून गणित करून घेणारा, भाग अनेकदा नसतो आणि मग "कार्ड दिसतच नाही" हे नवं दुखणं सुरू होतं.

वीज वाचवण्यासाठी अंडरव्होल्ट (ठरल्यापेक्षा कमी व्होल्टेज) ठेवायचंच असा हट्ट असणाऱ्यांना एक फरक सांगतो. पॉवर लिमिट कमी करणं आणि अंडरव्होल्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणलं तर कार्ड स्वतःच क्लॉक उतरवतं, पण कोणत्या क्लॉकला किती व्होल्टेज हे कंपनीनं ठरवलेलं गणित तसंच राहतं. म्हणून ते सुरक्षित आहे, आणि वीज जेवढी कमी होते त्या मानानं काम फारसं घटत नाही. अंडरव्होल्टमध्ये तुम्ही ते गणितच मोडता. माझा सल्ला सरळ आहे: पॉवर लिमिट हवं तेवढं उतरवा, व्होल्टेजला हात लावू नका.

बायॉस: इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

आरएक्स ४७०, ४८०, ५७० आणि ५८० यांच्यापैकी सेकंडहँड कार्ड घेतलं असेल, तर हा भाग नीट वाचा. या कार्डांचा बायॉस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून मेमरीचं टायमिंग घट्ट करणं हा मायनर मंडळींचा आवडता उद्योग होता. ती सेटिंग कार्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. विंडोज बदला, ड्रायव्हर बदला, कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावा, ती हलत नाही. आणि आफ्टरबर्नर उघडलं तर सगळं स्टॉकच दिसतं!

ओळखायचं असं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बायॉसची फाइल सेव्ह करा आणि पोलारिस बायॉस एडिटरमध्ये उघडा. उजवीकडे मेमरीच्या प्रत्येक क्लॉकसमोर आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसेल, तीच टायमिंगची पट्टी. कंपनीच्या बायॉसमध्ये १५००, १६२५, १७५० आणि २००० मेगाहर्ट्झ यांच्यासमोरच्या ओळी एकमेकींपासून वेगळ्या असतात. या चारही ओळी अक्षर न अक्षर सारख्या दिसल्या, तर कुणीतरी १५०० ची घट्ट पट्टी उचलून वरच्या सगळ्या क्लॉकवर चिकटवली आहे. मायनिंगला ते चालून जायचं. फोल्डिंगला नाही.

आणखी एक खूण: ड्रायव्हर नवा टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि "कोड ४३" आला, तर बदललेल्या बायॉसचा संशय घ्या. एएमडीचा ड्रायव्हर सही न जुळणारा बायॉस स्वीकारत नाही, म्हणून मायनर ड्रायव्हरलाच पॅच मारायचे. तुम्ही नवा ड्रायव्हर टाकला आणि तो पॅच गेला.

उपाय सोपा असू शकतो. बऱ्याच कार्डांच्या वरच्या कडेला एक बारीक स्विच असतो, दोन बायॉसपैकी एक निवडणारा. मशीन बंद करून तो दुसरीकडे सरकवा. मूळ मालकानं एकच बायॉस बदलला असेल, तर दुसरा जसाच्या तसा, मूळचाच सापडतो. स्विच नसेल किंवा दोन्ही बदललेले असतील, तर मूळ बायॉस पुन्हा लिहावा लागतो. टेकपॉवरअप या संकेतस्थळाच्या संग्रहात तो मिळतो, पण कार्डाचं मॉडेल जुळलं म्हणून भागत नाही. मेमरी सॅमसंगची आहे, हायनिक्सची, मायक्रॉनची की एल्पिडाची, हे जीपीयू-झेडमध्ये बघा आणि तीच मेमरी ज्या बायॉसमध्ये नोंदलेली आहे तोच घ्या. आत्ताच्या बायॉसची प्रत आधी बाजूला ठेवायला विसरू नका. आणि लिहिणं चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा. आपल्याकडे ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

टास्क संपतानाच मशीन हँग होत असेल तर

हा प्रकार एनव्हिडियाच्या कार्डांवर दिसतो, विशेषतः पास्कल पिढीत, म्हणजे १०६०, १०७०, १०८० वगैरे. टास्क ९९ टक्क्यांपर्यंत मजेत जातं आणि पूर्ण होताच, किंवा तुम्ही पॉज दाबताच, स्क्रीन काळी. गंमत अशी की गणिताचं काम चालू असताना ही कार्डं मेमरीचा क्लॉक मुद्दाम थोडा खालच्या पायरीवर ठेवतात. मायनरनं त्या खालच्या पायरीवर भरपूर जादा मेगाहर्ट्झ चढवलेले असतात. काम थांबलं की कार्ड वरच्या पायरीवर उडी मारतं आणि तेवढेच जादा मेगाहर्ट्झ तिथेही लागू होतात. ते मेमरीला झेपत नाहीत. मायनिंगमध्ये काम कधी थांबायचंच नाही, म्हणून हे उघड झालं नव्हतं. मेमरीचा जादा क्लॉक शून्यावर आणा, प्रश्न मिटतो.

रिग जशीच्या तशी वापरू नका

सहा कार्डांची उघडी रिग (मायनिंगसाठी जोडलेलं मशीन), सेलेरॉन जी३९३० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि पेन ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टिम. मायनिंगला एवढं पुरायचं. फोल्डिंगमध्ये एनव्हिडियाचं प्रत्येक कार्ड प्रोसेसरचा एक अख्खा थ्रेड (कामाची एक रांग) धरून बसतं. सहा कार्डं आणि दोन थ्रेड म्हटल्यावर बाकीची कार्डं वाट बघत राहणार. टास्क फेल होणार नाही कदाचित, पण मुदतीत संपणारही नाही, आणि मुदत टळली की तेच युनिट दुसऱ्याला दिलं जातं. जेवढे थ्रेड तेवढीच कार्डं लावा, एक थ्रेड सिस्टिमला ठेवून.

रायझरचं, म्हणजे कार्ड बोर्डापासून लांब बसवायच्या जोडणीचं, दुखणं दुहेरी आहे. पहिलं, वेग. यूएसबीच्या केबलसारखी दिसणारी ती तार पीसीआयईची (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या रस्त्याची) एकच लेन नेते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर एका लेनला सेकंदाला जेमतेम १ जीबी, आणि रिगच्या बोर्डावर ती पहिल्या पिढीच्या वेगानं चालत असेल तर २५० एमबी. मायनिंगमध्ये कार्ड आणि प्रोसेसर एकमेकांशी फारसं बोलतच नाहीत. फोल्डिंगमध्ये सतत बोलतात. कार्ड जितकं वेगवान तितका तोटा जास्त, आणि विंडोजवर तो लिनक्सपेक्षा ठळक. एनव्हिडियाच्या ३०८० सारखं कार्ड रायझरवर ठेवण्यापेक्षा थेट मोठ्या स्लॉटमध्ये एकटं बसवा. खास मायनिंगसाठी काढलेल्या, मॉनिटरचं पोर्ट नसलेल्या काही कार्डांत वेगाचा हा बांध कार्डातच घातलेला असतो. ती स्वस्तात मिळतात ती उगीच नाही.

दुसरं दुखणं धोक्याचं आहे. रायझरला वीज देण्यासाठी साटाचा (एरवी हार्ड डिस्कला लागणारा) कनेक्टर वापरला असेल तर तो आत्ता, हा मजकूर वाचून होण्याआधी, काढा. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॉट. स्लॉटमधून कार्ड १२ व्होल्टवर ६६ वॉटपर्यंत ओढू शकतं. मायनिंगमध्ये कोअर झोपलेला असल्यानं ही मर्यादा क्वचित ओलांडली जायची, फोल्डिंगमध्ये ओलांडली जाते. त्या कनेक्टरचं प्लास्टिक हात लावून बघा. पिवळट, मऊ किंवा वाकडं झालं असेल, तर आजवर आग लागली नाही हे नशीब म्हणायचं. सहा पिनांची थेट केबल असलेला रायझर घ्या.

एसएमपीएसबद्दल (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल) थोडक्यात: मायनिंगचा भार तासन्‌तास सपाट असतो. फोल्डिंगमध्ये चेकपॉइंट आणि तपासणीच्या वेळी कार्ड क्षणभर रिकामं होतं आणि पुन्हा पूर्ण ताकदीनं उसळतं. वर्षानुवर्षं घासलेला एसएमपीएस अशा झटक्यांना दगा देतो. लॉगमध्ये कुठलीच एरर नाही आणि मशीन थेट रीस्टार्ट होतं, तर आधी एसएमपीएस बदलून बघा. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर हे मशीन चालवू नका. ॲक्टिव्ह पीएफसी असलेले एसएमपीएस त्याच्याशी जुळवून घेत नाहीत.

तापमान

मायनिंगला मेमरी तापायची, फोल्डिंगला कोअर तापतो. म्हणून ३०८०-३०९० वाल्यांना मेमरीच्या ११० अंशांची जी धास्ती होती ती इथे बरीच कमी होते. बघायचा आकडा वेगळा: हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. कोअरचं साधं तापमान ७० आणि हॉटस्पॉट १०० असेल, तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट सुकून बाहेर आली आहे, ती बदला. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत रात्रंदिवस हे चालवायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चालवू नका, जूनपर्यंत थांबा. विज्ञान कुठे पळून जात नाही.

कार्ड दिसतच नाही

विंडोजवर बॉइंक टाकताना "प्रोटेक्टेड ॲप्लिकेशन एक्झिक्युशन" वर खूण केली असेल, तर बॉइंक सर्व्हिस म्हणून चालतं आणि त्याला ग्राफिक्स कार्ड दिसत नाही. काढून, ती खूण न करता पुन्हा टाका. लिनक्सवर बॉइंकच्या युजरला "व्हिडिओ" आणि "रेंडर" या ग्रुपांत घाला. अनेक वेगवेगळी कार्डं असूनही एकच चालत असेल तर तो बिघाड नाही. बॉइंक आपणहून फक्त सगळ्यात ताकदवान कार्ड वापरतं. सगळी वापर, हे कॉन्फिगच्या फाइलमध्ये त्याला सांगावं लागतं.

सगळं दुरुस्त केलं तरी टास्क मिळत नाही, "डेली कोटा" संपला असं सर्व्हर म्हणतो, याचंही कोडं पडतं. ओळीनं फेल टास्क परत केली की बॉइंकचा सर्व्हर तुमच्या मशीनचा कोटा कमी करत नेतो, अगदी दिवसाला एकापर्यंत. चांगली टास्क परत जाऊ लागली की तो आपोआप वाढतो. फोल्डिंगमध्ये त्याच जागी बोनसची अट आहे: पासकी (तुमची ओळख पटवणारी खूण) घेतलेली हवी, तिच्यावर १० युनिटं पूर्ण झालेली हवीत आणि यशाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर हवं. पॉइंट अचानक का घटले, याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

दुरुस्तीनंतर तपासणीसाठी मी आइन्स्टाइन ॲट होम सुचवतो. लायगो या वेधशाळेच्या डेटामधल्या गुरुत्वीय लहरी आणि नवे पल्सार (वेगानं फिरणारे मृत तारे) शोधणारा हा प्रकल्प. तुमचं उत्तर दुसऱ्या अनोळखी माणसाच्या कार्डाच्या उत्तराशी जुळलं, तरच ते ग्राह्य धरतात. दोन-तीन दिवसांची टास्क बघा: सगळी "व्हॅलिड" असतील तर कार्ड सरळ आलं, एखाददुसरं "इनव्हॅलिड" येत राहिलं तर अजून काहीतरी शिल्लक आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, तेव्हा मराठवाड्यातल्या मंडळींनी तरी एखादं कार्ड तिकडे लावायला हरकत नाही.

पैशाचं काय, हेही विचारलं जातं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंगच बंद केलं, तेव्हापासून घरच्या कार्डाचं अर्थकारण संपल्यात जमा आहे. बॉइंकच्या कामाबद्दल ग्रिडकॉइन मिळतं, पण ते आभासी मालमत्तेतच मोजलं जातं: नफ्यावर ३० टक्के कर, आणि विजेचा खर्च वजा करू देत नाहीत. २०० वॉट ओढणारं एक कार्ड महिनाभर अखंड चाललं तर विजेची १४४ युनिटं होतात. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, त्यामुळे हे एकटं कार्ड तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये ढकलू शकतं. दान म्हणून करायचं असेल तर करा. कमाई म्हणून करत असाल तर आधी मागच्या महिन्याचं बिल समोर ठेवा.

स्टॉक बायॉस, स्टॉक क्लॉक, नवा ड्रायव्हर, थेट स्लॉट, चांगला एसएमपीएस, आणि तरीही "बॅड स्टेट"? मग मेमरी खरोखर झिजली असू शकते. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीआरॅम (कार्डाच्या मेमरीची) टेस्ट तासभर चालवा. एएमडीचं पोलारिस कार्ड (वर सांगितलेली आरएक्स ४७० ते ५८०) असेल तर एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये "जीपीयू मेमरी एरर्स" ची ओळ बघा, तो आकडा शून्यच राहायला हवा. चुका आल्या तर मेमरीचा क्लॉक स्टॉकच्याही खाली शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ उतरवून पुन्हा टेस्ट करा. कित्येक म्हातारी कार्डं एवढ्यावर सुधारतात, आणि फोल्डिंगला मेमरीचा वेग थोडा कमी झाल्यानं फारसा फरक पडत नाही. तेवढं करूनही आकडा वाढतच राहिला, तर ते कार्ड या कामातून काढा. प्रत्येक फेल युनिट पुन्हा कुणालातरी द्यावं लागतं, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय त्या साखळीतलं पुढचं जेन, म्हणजे पुढचा तुकडा, बनत नाही.